पाचव्या पिंजऱ्यातल्या उंदरिणी

२ मार्च

आज शेवटच्या वीस उंदरिणी संपवल्या. ‘संपवणे’ हा आमच्या प्रयोगशाळेतला शब्द. झाकणाच्या डब्यात सोडायची, वायूचा नळ हळूहळू उघडायचा, ती आडवी झाली की पाच मिनिटं घड्याळ लावायचं, मग छाती उघडून फुप्फुसं काढायची. सहा वर्षं हेच करतेय. हात थरथरत नाही, पण वास सुटत नाही. मूत आणि ओला भुसा मिळून एक आंबूस दर्प होतो, तो केसांत बसतो. दोनदा डोकं धुतलं तरी उशीला येतो.

या वेळचा प्रयोग असा. उंदरिणींना स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी टोचल्या. गाठ वाटाण्याएवढी झाली की ती मी कापून काढली, वर तीन टाके घातले. बाई स्तनातल्या गाठीने सहसा मरत नाही. तिथून निघालेल्या पेशी फुप्फुसात, हाडांत, मेंदूत जाऊन घर करतात, त्याने मरते. म्हणून गाठ काढल्यावर पुढे काय होतं ते पाहायचं. दहा पिंजरे, प्रत्येकात पाच. विषम आकड्याच्या पिंजऱ्यांना सांधेदुखीवरची एक जुनी, बाजारात कुठेही मिळणारी गोळी पाण्यातून दिली. सम पिंजऱ्यांना नुसतं पाणी. ही गोळी रोगाचं पसरणं रोखते असं सरांचं म्हणणं. सर म्हणजे आमचे प्रमुख.

घरी आले तर ताई येऊन बसलेल्या. नवऱ्याची मोठी बहीण. कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतात, एकट्या राहतात. आमच्याच संस्थेच्या पलीकडच्या इमारतीत, रुग्णालयात, गेल्या आठवड्यात त्यांचा डावा स्तन काढला. सर्जनकडे नंबर मीच लावून दिला होता. आता दीड-दोन महिने मुक्काम आमच्याकडे. काखेखालून एक नळी निघते आणि प्लास्टिकच्या बाटलीत जाते. बाटलीत लालसर पिवळं पाणी. त्या ती खांद्याला अडकवून घरभर फिरतात.

“ही माझी नवी पर्स,” म्हणाल्या. “हिच्यात हात घालायची कुणाची टाप नाही.”

मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. दिवसभर फुप्फुसं काढणाऱ्या बाईला एका बाटलीने उलटी व्हावी.

५ मार्च

फुप्फुसं पिवळ्या द्रावणात ठेवली की त्यांच्यावरच्या गाठी पांढऱ्या उठून दिसतात. भिंगाखाली धरून मोजायच्या. एक, दोन, तीन, चार. पहिला पिंजरा ठीक, दुसरा ठीक. पाचव्या पिंजऱ्याची पहिली बरणी उघडली आणि मोजायला जागाच सापडेना. साबुदाणा सांडावा तसे ठिपके. पाचही बरण्यांत तेच. शेवटची फुप्फुसं चिमट्यात धरली तर जड लागली. फुप्फुस कसं हलकं, स्पंजासारखं हवं. हे मांसाच्या गोळ्यासारखं होतं.

पाचवा पिंजरा गोळीवाला.

सर मागे येऊन उभे राहिले. त्यांना शेंगदाणे खायची सवय आहे, खिशातून एकेक काढून, सालं तिथेच. एक साल माझ्या ताटलीत पडलं.

“बारीकसारीक मोजू नका,” म्हणाले. “टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान ते सोडून द्या. नाहीतर उद्या धुळीचे कण मोजाल.”

“आणि पाचवा?”

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. “यांच्यावर शस्त्रक्रिया कुणी केली?”

“मीच. सगळ्यांवर मीच केली.”

“हं,” म्हणाले आणि गेले.

६ मार्च

सरांनी बोलावून घेतलं. बसा म्हणाले, म्हणजे काहीतरी नको असलेलं येणार. पाचव्या पिंजऱ्यात गाठ काढताना ती फुटली असणार, पेशी सांडल्या असणार, म्हणून त्या पाच जणी हिशेबातून वगळायच्या. पाच जणी वगळल्या की गोळीवाल्यांची सरासरी पाणीवाल्यांपेक्षा कमी येते. म्हणजे गोळी चालते.

कागद तयार होता. ‘शस्त्रक्रियेतील त्रुटी माझ्या हातून झाली.’ खाली माझं नाव टाइप केलेलं.

“यात कमीपणा काही नाही,” सर म्हणाले. “हात आहे, चुकतो. माझी आई याच रोगाने गेली. मला दहा वर्षं थांबायला वेळ नाही. पलीकडच्या इमारतीत सर्जन गोळी द्यायला तयार बसले आहेत, फक्त आकडे हवेत. औषध जुनंच, परवानगीचा प्रश्न नाही.”

मी सही केली. गाठ फुटल्याचं मला आठवत नव्हतं. पण पन्नास उंदरिणी, तीन दिवस, एकामागून एक. असेलही फुटली. सही करताना माझ्या बोटांकडे पाहिलं आणि ती मला घाण वाटली, दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी.

११ मार्च

नळीची बाटली रोज दोनदा रिकामी करून किती पाणी आलं ते लिहून ठेवायचं असतं. हे नवऱ्याने करायचं ठरलं. बाटली हातात घेतली की त्याला फोन येतो. काल तर फोन वाजलाच नव्हता, तरी तो ‘हॅलो’ म्हणत गॅलरीत गेला. त्याची सख्खी बहीण. मग मीच करते.

ताईंच्या बऱ्याच सवयी मला सहन होत नाहीत. सकाळी उठून दहा मिनिटं घसा खाकरतात. पान उलटताना बोटाला थुंकी लावतात. आंघोळीच्या वेळी दार उघडं ठेवून मला बोलावतात, “ये, पाठीला पाणी घाल.” आज जखम पहिल्यांदा नीट पाहिली. काखेपासून मधोमध, एक लांब आडवी रेघ.

“शिवण वाकडी आहे,” ताई आरशात पाहून म्हणाल्या. “दोरा चांगला वापरलाय, पण ताण सारखा नाही. माझ्या दुकानात असता तर उसवायला लावली असती. तू तुझ्या उंदरांना किती टाके घालतेस?”

“तीन.”

“सरळ?”

“सरळ.”

“मग तुलाच सांगायला हवं होतं.”

माझा हात ओला होता. टॉवेल त्यांच्या पाठीवर टेकवला, पण बोट त्वचेला लागू दिलं नाही. कळलं असेल का त्यांना? नसावं.

२६ मार्च

नळी निघून दहा दिवस झाले. ताई आता एका हाताने भाजी चिरतात आणि दुसऱ्या हाताने मला सूचना देतात.

आज संध्याकाळी ओट्यावर गोळ्यांची पट्टी दिसली. फिकट निळ्या गोळ्या. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. आमच्या प्रयोगशाळेत याच गोळ्या खलात कुटून पाण्यात विरघळवत होते मी, दीड महिना.

“ही कधीपासून?”

“काल दाखवायला गेले ना, तेव्हा दिली. सकाळच्या खाण्यानंतर एक. पसरू देत नाही म्हणे. सर्जन सांगत होते, आमच्याच इथे शोध लागलाय.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुझ्याच सरांचा ना? मी त्यांना सांगितलं, माझी भावजय तिथेच आहे.”

त्या कौतुकाने सांगत होत्या आणि मी पट्टीतल्या गोळ्या मोजत होते. आज सकाळी एक गोळी गेली आहे. पट्टीतला एक खण रिकामा.

२७ मार्च

काल जेवण गेलं नाही. पण डोकं ताळ्यावर आहे. काय माहीत आहे मला? पाचव्या पिंजऱ्यात काहीतरी झालं. ते गोळीने झालं की माझ्या हाताने, हे माहीत नाही. अर्धवट माहितीवर आजारी माणसाला घाबरवून सोडणं हा गुन्हाच. आधी खात्री करायची.

शस्त्रक्रियांची वही काढली. पाचवा आणि सहावा पिंजरा एकाच दिवशी, एकाच टेबलावर, आलटून पालटून केले होते. सहाव्यातल्या पाणी पिणाऱ्या पाच जणींच्या फुप्फुसांवर मोजकेच ठिपके. माझा हात चुकला असता तर तो एक सोडून एक कसा चुकेल?

पशुगृहाच्या पशुवैद्य बाईंकडे गेले. त्या आवाज न करता मागे येऊन उभ्या राहतात आणि सगळा कारभार उंदरांचा, म्हणून सगळे त्यांना मांजरबाई म्हणतात. त्यांनाही ते ठाऊक आहे. सरांनी बरण्या जाळायला पाठवल्या होत्या. मांजरबाईंनी जाळल्या नाहीत. वर्षभर ठेवायचा नियम आहे, म्हणाल्या, आणि नियम मी वाचलेला आहे.

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उपाय सुचवला: बरण्यांवरच्या चिठ्ठ्या त्या झाकणार, नवे आकडे टाकणार, यादी त्यांच्या कपाटात. मी सगळ्या पन्नास पुन्हा मोजायच्या, बारीक ठिपक्यांसकट. कोणती बरणी कोणाची हे मला कळणारच नाही.

“घरी सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“आकडे तरी येऊ देत.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं बघणं तसंच असतं.

३० मार्च

सोळा बरण्या झाल्या. रोज सहा-सात होतात, डोळे ताणून. प्रत्येक बरणी दोनदा मोजते आणि दोन आकड्यांत फरक आला तर तिसऱ्यांदा. द्रावणाने बोटं पिवळी पडली आहेत. बारीक ठिपके सरांनी का सोडायला लावले ते कळतंय. टाचणीच्या डोक्याहून लहान आहेत, पण धूळ नव्हे. धूळ पुसली की जाते.

सहा वर्षांत इतकं चोख काम केलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिथून निघताना स्वतःचा तिटकारा आला नाही.

सकाळी ताई गोळी घ्यायला पाणी विसरल्या होत्या, स्वयंपाकघरातून मी नेऊन दिलं.

२ एप्रिल

पस्तीस बरण्या.

सर आज सगळ्यांसाठी केक घेऊन आले. लेख एका मोठ्या मासिकाने तपासणीला घेतला म्हणून. हातमोजे न काढताच एकाने तुकडा उचलला. सरांच्या मिशीला क्रीम लागलं होतं, आणि ते मला म्हणाले, “तुमचं नावही आहे हं लेखात, तिसरं.” माझ्या हातात कागदी बशी होती. ती कचऱ्याच्या डब्यात टाकून भिंगाकडे परत गेले.

घरी ताईंनी माझ्या तीन वर्षं पडून असलेल्या ड्रेसची बाही उसवून नीट बसवून ठेवली होती. “डावा हात वर होत नाही अजून,” म्हणाल्या, “पण सुई धरता येते.” त्यांच्याबरोबर बसून चहा घेतला. खाकरणं आताशा ऐकू येत नाही. कमी झालं असेल.

गोळीने पोटात जळजळतं म्हणत होत्या. मी म्हटलं, थोडं दूध घेऊन बघा.

४ एप्रिल

दुपारी शेवटची बरणी संपली. मांजरबाईंनी कपाटातून यादी काढली आणि माझ्या आकड्यांसमोर पिंजरे लिहीत गेल्या. मी खुर्ची घट्ट धरून बसले होते.

पाणीवाल्या पिंजऱ्यांत एका उंदरिणीमागे सरासरी अकरा ठिपके. गोळीवाल्यांत, पाचवा पिंजरा बाजूला ठेवूनसुद्धा, तेवीस. पाचवा धरला तर चाळीसच्या वर. गोळी पसरणं रोखत नाही. उलट फुप्फुसं भरतात.

मांजरबाई म्हणाल्या, “हे अजून एकदा करून बघावं लागेल. पन्नास म्हणजे फार नाहीत. पण माणसांना देणं आज थांबायला हवं. सर्जन सकाळी आठला येतात. मी येते बरोबर.”

५ एप्रिल

सर्जननी कागद उभ्यानेच वाचले. मग बसून पुन्हा वाचले. ते रागीट म्हणून प्रसिद्ध आहेत, पण आवाज अगदी खाली होता.

“अडतीस बायका घेतायत ही गोळी,” म्हणाले. “मला दाखवलेल्या तक्त्यात पाचवा पिंजराच नव्हता.”

“त्याबद्दलच्या कागदावर सही माझी आहे,” मी म्हणाले.

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“काल दुपारी.”

त्यांनी परिचारिकेला बोलावून यादी मागवली आणि पहिला फोन माझ्यासमोर लावला. समोरची बाई बहुधा बाजारात होती, ते “हो, लगेच बंद, नाही, घाबरू नका, मला येऊन भेटा” असं मोठ्याने सांगत होते. घरच्या रुग्णाला मीच सांगेन, असं म्हणून मी निघाले.

संध्याकाळी ताई खिडकीशी बसून पँटला हूक लावत होत्या. नवरा टीव्हीपुढे. मी सगळं सांगितलं. न अडखळता सांगता आलं, कारण आकडे पाठ होते. त्यांनी हूक पुरा लावला, दोरा दातांनी तोडला.

“मी ही गोळी घेते, ते तुला कधी कळलं?”

“सव्वीस मार्चला. पण तेव्हा मला खात्री...”

त्यांनी उठून गोळ्यांचा डबा आणला. एक पट्टी पूर्ण रिकामी, दुसरीतला एक खण फुटलेला. पहिल्या दिवसाचा रिकामा खण त्यांनी बोटाने झाकला.

“दहा,” म्हणाल्या. “त्यानंतरच्या दहा. त्यातल्या एकीला पाणी तू आणून दिलंस. जळजळतं म्हटलं तर दूध घ्या म्हणालीस.”

“उगाच घाबरवायचं नव्हतं तुम्हाला. चूक निघालं असतं तर?”

“तर मी दहा गोळ्या कमी खाल्ल्या असत्या.” आवाज चढला नाही. “अगं, कापडाचा रंग जाईल अशी मला नुसती शंका आली, तरी मी गिऱ्हाइकाला आधी सांगते. मग भिजवून बघते. भिजवून बघेपर्यंत ते कापड मी अंगात घालायला देत नाही.”

मी त्यांच्या खांद्याला हात लावायला गेले. त्यांनी खांदा काढून घेतला. रागाने नाही. अंगावर झुरळ चढलं की माणूस जसा आक्रसतो, तसा.

नवरा टीव्ही बंद करून म्हणाला, “ती तरी काय करणार होती, ताई?” त्यांचं बोलणं लागलं होतं, पण त्याचं हे वाक्य मला किळसवाणं वाटलं.

६ एप्रिल

मागची पानं वाचली. फाडावीशी वाटली. नाही फाडली.

सर्जनना मी ‘काल दुपारी’ म्हणाले. खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

९ एप्रिल

संचालकांसमोर चौकशी. सर इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी शांत. पाचवा पिंजरा का वगळला, तर माझा कागद पुढे केला. “सही यांची आहे. मी यांच्या शब्दावर गेलो.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “तुम्हाला माहीत आहे, मी कुणाचं वाईट चिंतलं नाही.” ते खरं असावं, आणि तेच जास्त ओंगळ आहे. आईच्या आठवणीने त्यांचे डोळे भरले होते. त्याच डोळ्यांनी त्यांनी भिंगातून पाचवा पिंजरा पाहिला होता.

मी सांगितलं, सही माझी आहे, त्रुटी मात्र झाली नव्हती, आणि मला ते सही करतानाच माहीत असायला हवं होतं. एका सदस्याने विचारलं, मग केली का? मी म्हणाले, “सोपं होतं म्हणून.”

लेख मागे घेतला. सरांना सहा महिने प्रयोगांपासून दूर ठेवलंय. माझ्या फायलीत ठपका, आणि बदली पशुगृहात, मांजरबाईंच्या हाताखाली.

१२ एप्रिल

ताई त्यांच्या घरी गेल्या. अजून आठ दिवस राहायचं ठरलं होतं. बॅग मी भरू का विचारलं, तर “नको, भरली,” म्हणाल्या. ड्रेसची दुसरी बाही राहिली होती, तीही करून खुर्चीवर ठेवली होती. रिक्षात बसताना भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, “येते.”

त्यांच्या खोलीतली चादर बदलायला गेले. औषधाचा, तेलाचा, घामाचा वास. मी तिथेच पलंगावर बसून राहिले. चादर बदलली नाही.

२० एप्रिल

प्रयोग पुन्हा सुरू. या वेळी शंभर उंदरिणी, दुसऱ्या एका प्रयोगशाळेतही शंभर, आणि कोणाला काय दिलंय ते कपाटात बंद. आज बारा गाठी काढल्या. मांजरबाई शेजारी बसून प्रत्येकीची नोंद करत होत्या. सातवीला भूल कमी पडली, ती टेबलावर हलली, तिचा पुढचा पाय माझ्या बोटाला लागला. मी थांबले, पुन्हा भूल दिली, मग पुढचं केलं. वास तोच. सवय होईल असं सहा वर्षं म्हणत होते. आता वाटतं, नाही झाली तेच ठीक. ज्यांना झाली त्यांच्या मिशीला क्रीम लागतं.

मांजरबाई म्हणाल्या, “इथे किळस येणारी माणसंच मला बरी वाटतात. फक्त किळस आली की मान फिरवायची नाही.”

३ मे

ताईंचा फुप्फुसांचा आणि हाडांचा स्कॅन झाला. नवऱ्याच्या फोनवर कळलं, मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. “स्वच्छ,” तो म्हणाला, “अगदी स्वच्छ म्हणतायत.” स्वच्छ म्हणजे काय ते मला माहीत आहे. टाचणीच्या डोक्याहून लहान असेल ते स्कॅनला दिसत नाही.

मग तो आत आला आणि फोन माझ्यापुढे धरला. “तुझ्याशी बोलायचंय म्हणते.”

तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी काही म्हणायच्या आधीच ताई म्हणाल्या, “पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. ह्याला आणून उपयोग नाही, हा फोन आल्याचं सोंग करून बाहेर जाईल. तू येशील?”

“येईन.”

“रिपोर्ट हातात आला की तिथल्या तिथे वाचायचा. मोठ्याने. तुला कळेल तेवढं, कळेल तसं. शंका असेल तर शंका म्हणून सांगायची.”

“हो.”

“आणि मी रडले तर रडू द्यायचं.” त्या घसा खाकरल्या. “नंतर कर तुझी खात्री.”